व्ल्ची यामी: खचलेल्या खाणींची दरी

चेकियातील होर्नी ब्लात्ना या 1532 साली वसलेल्या खाणनगराजवळ, ब्लातेन्स्की डोंगराच्या उतारावर, कथिलाच्या जुन्या खाणींची पोकळ दालने खचून तयार झालेली ही दरी आवर्जून पाहावी अशी आहे. कठड्यावरून वाकून पाहिले की उभ्या, ओलसर कातळावरचे शेवाळ अगदी जवळून दिसते. मला अधिक भावली ती शेजारची चिंचोळी लेदोवा यामा, कारण जड, थंड हवा तिच्या तळाशी साचून राहते आणि ऐन उन्हाळ्यातही तेथे बर्फ टिकतो. 2019 पासून हा परिसर जागतिक वारशात आहे. उन्हाळ्यातही गरम कपडे आणि न घसरणारे बूट जरूर न्यावेत.