मिस्सेसाठी घेतलेली लेसची मँटिला

मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेसाठी, ऑनलाइन मागवलेली ही काळी मँटिला (स्त्रियांनी डोक्यावर घ्यायची जाळीदार ओढणी) दिसायला सुरेख आहे. परंतु प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक आच्छादावे, हे बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील सांगणे लक्षात घेता, इतक्या विरळ जाळीला आच्छादन म्हणावे का, असा प्रश्न पडतो. सोबतच्या पत्रकात विक्रेत्याने डोके झाकणे कॅथलिक स्त्रियांना बंधनकारक असल्याचे छापले आहे, ते बरोबर नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेच्या (कायदेसंग्रहाच्या) १२६२ व्या कलमात तसा नियम होता, १९८३ च्या संहितेत तो उरला नाही, त्यामुळे आज डोके झाकणे ही जिच्या-तिच्या भक्तीची बाब आहे. कापड नायलॉनचे असल्याने ते केसांवरून सतत घसरते आणि गुडघे टेकताना एक हात डोक्यावरच ठेवावा लागतो. आतून एखादी क्लिप शिवलेली असती, तर लक्ष वेदीकडे राहिले असते. शिलाई मात्र नेटकी आहे, धुतल्यावरही काठ उसवला नाही. साडी नेसणाऱ्या भगिनींनी यावर खर्च करण्याचे कारण नाही, कारण पदर हेच काम अधिक चांगले (आणि फुकट) करतो. इतरांनी घ्यायचीच असेल, तर दाट विणीची सुती मँटिला पाहावी.