एस्सिटॅलोप्रॅमची जेनेरिक गोळी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सततच्या, कारण नसतानाही मागे लागणाऱ्या काळजीसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी मला एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू केले, त्याला आता दहा महिने झाले. पहिले दोन महिने मी ब्रँडेड गोळी घेत होते आणि पुढचे आठ महिने, डॉक्टरांच्याच सल्ल्याने, जेनेरिक, म्हणजे तेच औषध असलेली पण मूळ ब्रँडची नसलेली गोळी, घेत आहे. मात्रा, वेळ आणि इतर दिनक्रम यांत काहीही बदल केला नव्हता, त्यामुळे दोन्हींची तुलना करणे मला बऱ्यापैकी शक्य झाले.

जेनेरिकचा पहिला पंधरवडा वाईट गेला, हे प्रथमच सांगते. पोटात कालवाकालव, पहाटे चारला जाग आणि छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि या गोळीत दम नाही असे ठामपणे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्याच सूचनेवरून मी रोज लिहीत असलेली नोंदवही उघडायला लावली. ब्रँडेड गोळीच्या पाचव्या आठवड्यातही नेमक्या याच तक्रारी माझ्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या. शिवाय नव्या तक्रारींची सुरुवात मी पहिल्या जेनेरिक गोळीच्या संध्याकाळीच नोंदवली होती. एस्सिटॅलोप्रॅमचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण ३० तास लागतात, म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या रक्तातले निम्म्याहून अधिक औषध आधीच्या ब्रँडेड गोळ्यांचेच होते. वाईट परिणामाच्या अपेक्षेनेच जो वाईट परिणाम जाणवतो त्याला नोसीबो म्हणतात, आणि ज्याचा आजारच वाईटाची अपेक्षा करण्याचा आहे त्याला तो गाठणारच. तिसऱ्या आठवड्यापासून झोप पूर्ववत झाली आणि तेव्हापासून दोन गोळ्यांच्या परिणामात मला कोणताही फरक सांगता आलेला नाही.

जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी असले तरी चालते, असा एक समज मलाही होता. हा समज जिच्यावरून होतो ती, जेनेरिक गोळी मूळ गोळीशी समतुल्य ठरवण्याची, ८० ते १२५ टक्के ही मर्यादा खरी आहे, परंतु ती गोळीतल्या औषधाच्या वजनाची नाही. मूळ आणि जेनेरिक गोळी घेतल्यावर रक्तात पोहोचणाऱ्या औषधाच्या प्रमाणांचे गुणोत्तर काढतात, आणि केवळ ते गुणोत्तरच नव्हे तर त्याचा ९० टक्के विश्वासांतराल (चाचणीतली अनिश्चितता धरून खरे गुणोत्तर ज्या पट्ट्यात असावे तो पट्टा) संपूर्णपणे या मर्यादेत बसावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्षातला सरासरी फरक बराच लहान असावा लागतो. ही व्यवस्था कधीच चुकत नाही असे मात्र नाही. नैराश्यावरील ब्युप्रोपिऑनच्या ३०० मिलिग्रॅमच्या एका जेनेरिक गोळीबद्दल रुग्ण तक्रारी करीत होते आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती मूळ गोळीशी समतुल्य नसल्याचे मान्य केले. ती गोळी औषध हळूहळू सोडणारी होती, तिची रचना अवघड असते. एस्सिटॅलोप्रॅमची गोळी साधी असते, म्हणून मला त्या उदाहरणाची फारशी धास्ती वाटली नाही.

खरा त्रास निराळ्याच गोष्टींचा झाला. ब्रँडेड गोळीची उरलेली स्ट्रिप खणात होती आणि तिच्यावरचे ठळक नाव वेगळे असल्यामुळे दोन दिवस मी दोन्ही गोळ्या घेतल्या, म्हणजे १० ऐवजी २० मिलिग्रॅम. मळमळ आणि हातांना बारीक कंप यावर निभावले, पण आता मी ठळक नाव न वाचता खाली बारीक अक्षरात छापलेले घटकाचे नाव वाचते. दुसरे म्हणजे औषधदुकानदार दर महिन्याला वेगळ्याच उत्पादकाची गोळी हाती ठेवीत असे. तिचा आकार आणि रंग बदलला की शंका पुन्हा डोके वर काढी. एकाच उत्पादकाची गोळी द्या, असे स्पष्ट सांगितल्यावर हा प्रश्न मिटला. मधल्या एका गोळीला अर्धी करण्यासाठी रेघच नव्हती आणि ती मोडली की भुगा होई.

उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत सोबत क्लोनाझेपाम हे घबराट शमवणारे औषधही होते आणि ते जेनेरिक होते. त्याने तासाभरात शांत वाटे, आणि नेमके म्हणूनच डॉक्टरांनी ते लवकर थांबवले. त्याची सवय लागते आणि ते जेनेरिक असल्याने ती जराही कमी होत नाही. स्वस्त मिळते म्हणून साठवून ठेवण्यासारखे ते औषध नव्हे.

पुढच्या भेटीत मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा विचार होईल. त्यासाठी याच उत्पादकाची ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते का, हे मी दुकानदाराला आधीच विचारून ठेवले आहे, म्हणजे भुगा वाटून घेण्याची वेळ येणार नाही.