तासावरचा स्टुडिओ की घरातलं कपाट?

वीसेक वर्षं प्लांटवर किंवा कोडिंगमध्ये काढून व्हॉइस-ओव्हरकडे वळलेला माणूस आधी माइकचे तक्ते मांडून बसतो. ते नंतर बघू. रेकॉर्डिंग करायचं कुठे, हे आधी ठरवा.

अंधेरीतल्या स्टुडिओत बूथ तयार असतो, रेकॉर्डिस्ट बसलेला असतो. ‘प’-‘फ’चा फटका, कोरड्या तोंडाची चटचट, वाक्याच्या शेवटी पडलेला आवाज तो जागच्या जागी धरतो. पहिला डेमो तिथेच करावा.

माझं पारडं फिरतं ते पिकअपवर, म्हणजे दिलेल्या कामातलं एखादं वाक्य नंतर पुन्हा बोलून देण्यावर. आठ मिनिटांचा ट्रेनिंग व्हिडिओ देऊन झालेला असतो आणि तीन दिवसांनी निरोप येतो: ‘तीन पूर्णांक पाच’ नको, ‘साडेतीन’ म्हणा. नाहीतर ‘जोडणी’तला ज ‘जीवन’मधल्यासारखा लागलाय. काम चार सेकंदांचं. स्टुडिओत मात्र बहुधा निदान तासाचे पैसे, वर येणंजाणं. एवढं करून बूथ दुसरा, माइक चार बोटं पुढेमागे, आणि नवं वाक्य ठिगळासारखं उठून दिसतं.

घरी हे टळतं. साड्या-रजयांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे गोधडी टांगा. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. स्टँडच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टी, गेनच्या (माइकचा आवाज कमीजास्त करायच्या) खुंटीवर पेनाची खूण. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोठ्यात मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. दर वेळी १० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. पिकअप त्याच वेळेला घ्या, कारण सकाळचा गळा जड असतो; आधीची दोन वाक्यं हेडफोनवर ऐकून त्यांच्याबरोबर बोलत पुढे या.

घरचा जाचही आहेच. पंखा बंद, त्यात मे महिना. कुकर, कबुतरं. अंड्यांचे ट्रे लावून बाहेरचा आवाज थांबत नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना घरघर आली तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. रेकॉर्ड केलेल्या शांततेतली खरखर उणे ६० डेसिबलच्या वर असेल तर ती सॉफ्टवेअरने पुसू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

डोक्यावर पत्रा किंवा खिडकीखाली हमरस्ता असेल, तर स्टुडिओच बरा. बाकीच्यांना मी कपाटच सुचवेन. फक्त क्लायंटचा शेवटचा होकार येईपर्यंत त्यातल्या रजया कुणी धुवायला काढू नयेत, एवढं घरी सांगून ठेवा.