काइंड ऑफ ब्लू (नवीन एलपी): बरेच महिने वाजवून आणि बरंच भांडून झाल्यावर

जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्या काइंड ऑफ ब्लू या रेकॉर्डची नवीन छपाई, 180 ग्रॅमवाली (जाड, वजनदार), दिवाळीच्या आसपास घेतली. तेव्हापासून आमच्या रविवारच्या बैठकीत (चारपाच जण, कुणाच्या तरी घरी, जो तो आपली रेकॉर्ड आणतो आणि बाकीच्यांना ऐकवतो, मग चहा, मग वाद) ती इतक्यांदा लागलीय की आता लिहायला हरकत नाही.

आधी कामाचं सांगतो, ते म्हणजे सूर. आमच्यात एक पेटीवाले काका आहेत, आयुष्यभर भजनं आणि नाट्यसंगीताला साथ केलेले, मुंबईत 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेत (जॅझचा महोत्सव) सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स ऐकला हे दर दोन बैठकींना सांगणारे. त्यांच्याकडे याच रेकॉर्डची जुनी अमेरिकन छपाई आहे, भावाने तिकडून आणलेली. सो व्हॉट हे पहिलं गाणं लागलं की काका पेटी पुढे ओढणारच, कारण त्यातली मांडणी त्यांना पहिल्यांदा ऐकल्यापासूनच पटलेली. 16 बार (चार-चार मात्रांचे तुकडे) पांढरी दोनला सा धरून सरळ काफी थाट, मग 8 बार तेच सगळं उचलून काळी दोनवर, मग 8 बार परत खाली, आणि हेच चक्र फिरत राहतं, कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) गर्दी अजिबात नाही. "हे तर आपल्याला येतं की" असं म्हणून ते बसायचे आणि जुन्या रेकॉर्डशी पेटी काही केल्या जुळायची नाही. पांढरी दोन धरली तर रेकॉर्ड चढी, काळी दोन धरली तर उतरी, म्हणजे कुठेतरी मध्येच. टर्नटेबल जोरात फिरतंय असा निकाल सगळ्यांनी लावला, पण बाजू पलटून ऑल ब्लूज लावलं तर ते पांढरी पाचला चपखल! एकाच टर्नटेबलवर एक बाजू चढी आणि दुसरी सुरात, असं कसं होईल? मग माझी नवीन एलपी लावली, दोन्ही बाजू बरोबर, काका खूश.

भानगड अशी की रेकॉर्डिंग दोन दिवशी झालंय, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959, दोन्ही वेळा न्यूयॉर्कला कोलंबियाच्या 30व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत, जो आधी चर्च होता. पहिली बाजू पूर्ण मार्चची, आणि त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं. हळू चाललेली टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर वर चढणार आणि सगळं थोडं घाईत वाजणार. शेजारी दुसरं मशीन जादाची टेप भरत होतं, ते बरोबर होतं, पण त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघायला 1992 उजाडलं. म्हणजे तीसेक वर्षं जगभर लोकांनी सो व्हॉट, फ्रेडी फ्रीलोडर आणि ब्लू इन ग्रीन चढ्या सुरात ऐकलं आणि कित्येकांनी त्यावरून वाजवायलाही शिकून घेतलं! म्हणून नवीन छपाई घेताना दुरुस्त वेगाची आहे ना हे विचारून घ्या, आवाज "वॉर्म" आहे का वगैरे नंतर.

आता ऐकण्याबद्दल. स्टीरिओत जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन डावीकडे, कॅननबॉल अ‍ॅडरलीचा उजवीकडे, माइल्सचं ट्रम्पेट मधोमध. नवीन माणसाला दोन सॅक्सोफोनमधला फरक दाखवायला याहून सोपी रेकॉर्ड मला माहीत नाही, नुसतं बोट दाखवायचं. कोल्ट्रेन सूर शोधत, खणत जातो आणि अ‍ॅडरली गप्पा मारल्यासारखा सुटतो. आमच्या ड्रमवाल्याला मात्र यातलं काहीच नको असतं, त्याला सो व्हॉटमध्ये माइल्सचा सोलो सुरू होताना ड्रमर जिमी कॉबची झांज जी फुटते तेवढीच हवी, ती येऊन गेली की तो भजी घ्यायला मोकळा. ब्लू इन ग्रीनमध्ये अ‍ॅडरली मुळात वाजवतच नाही हे आमच्यातल्या एकीने सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात नव्हतं (इतके महिने!), आणि फ्रेडी फ्रीलोडरवर पियानो बिल इव्हान्सचा नाही, विंटन केलीचा. दोन्ही गाणी लागोपाठ आहेत, त्यामुळे पियानोचा हात बदललेला कळतो, केलीत ठसका आहे, इव्हान्स हळूच पाणी सोडतो. माझं मत विचाराल तर रेकॉर्ड इव्हान्सची आहे, माइल्सचं नाव वर आहे इतकंच. यावर आमच्याकडे कडाक्याची भांडणं झालीत.

तक्रारी आहेतच. फ्लॅमेंको स्केचेस इतकं शांत आहे की एलपीवरची प्रत्येक खरखर ऐकू येते, आमच्या दमट हवेत तर जास्तच, दर वेळी ब्रश फिरवा नाहीतर रसभंग. आतली कागदी पिशवी भिकार आहे, आल्या आल्या बदला. आणि फ्लॅमेंको स्केचेसचा दुसरा टेक (वेगळ्यांदा वाजवून भरलेला), जो नंतरच्या सीडीवर मिळतो, तो माझ्या एलपीवर नाही, त्यासाठी काकांकडची सीडी लावावी लागते.

एक प्रयोग सुचवतो. 1959 मध्येच याच स्टुडिओत डेव्ह ब्रूबेकची टाइम आउट आणि चार्ल्स मिंगसची मिंगस आह अम या जॅझ रेकॉर्डपण झाल्यात, तिन्ही एका बैठकीत लावा. आमच्या तबलजीने टाइम आउटमधल्या ब्लू रोंडोचे 9 ठोके 2-2-2-3 असे हातावर पाडून दाखवले आणि टाइम आउटला मत दिलं, काइंड ऑफ ब्लू त्याला झोपाळू वाटते. मिंगस लागल्यावर शेजारच्यांनी बेल वाजवली, त्यामुळे तिचं पूर्ण ऐकणं अजून बाकी आहे. पण तिन्ही लागोपाठ ऐकल्यावर एक कळलं, काइंड ऑफ ब्लू मागे लावून ठेवायची रेकॉर्ड नाहीच, जेवताना लावली तर ती खरंच झोपाळू वाटते, तबलजीचं त्या बाबतीत चूक नाही.

पैसे वसूल झाले का, हो. आणि कुणाकडे 1992 च्या आधीची छपाई असेल, विशेषतः इकडे जुन्या बाजारात मिळालेली, तर पेटी नाहीतर तानपुऱ्याचं अ‍ॅप घेऊन आधी दुसरी बाजू जुळवा, मग पहिली, आणि किती चढी निघाली ते इथे टाका. काकांनी वही केलीय.