हायवे ४९ की क्लोन्डाइक? सोन्याच्या वाटेवरची सहल ठरवताना

सोनं जिथं खणलं तो मुलूख बघायचा असेल तर कॅलिफोर्नियाचा हायवे ४९ घ्या. तिथवर पोचण्यासाठी माणसांनी काय सोसलं हे समजून घ्यायचं असेल, तर अलास्कातल्या स्कॅगवेपासून कॅनडातल्या युकॉनमधल्या डॉसन सिटीपर्यंतचा क्लोन्डाइक हायवे.

हायवे ४९ ओकहर्स्ट ते विंटन, सुमारे ४७५ किमी. वळणं फार, त्यामुळे निवांत चार दिवस हवेत. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मंडळींना शनिवार-रविवारच मिळत असेल तर प्लॅसरव्हिल ते नेव्हाडा सिटी एवढा टप्पा पुरे. वाटेत कोलोमा लागतं, जिथं २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सोनं दिसलं. पुढं ग्रास व्हॅलीत १९५६ पर्यंत चाललेली एम्पायर खाण. दक्षिणेकडून येणाऱ्यांनी मारिपोसा-कोल्टरव्हिलमधल्या मर्सेड नदीच्या उतारावर खालचा गिअर टाकावा. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. भर उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपुढे जातो, शिवाय वणव्यांचा धूर.

क्लोन्डाइकचे सुमारे ७०० किमी वेगळेच आहेत. १८९८ मध्ये सोनं शोधायला क्लोन्डाइककडे निघालेल्यांना कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे जवळपास टनभर ओझं, असल्याशिवाय पुढं सोडत नसत. व्हाइट पास खिंडीच्या चढावर गाडीतून जाताना त्या ओझ्याची कल्पना येते. मोसम जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच.

खरी अडचण सरहद्दीची. स्कॅगवे अमेरिकेत, वाटेतलं व्हाइटहॉर्स कॅनडात. भारतीय पासपोर्टवर दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेचं ग्रीनकार्ड असेल तर ते आणि पासपोर्ट दाखवून कॅनडात जाता येतं. भाड्याची गाडी सरहद्दीपार नेण्याची परवानगी लेखी घ्या आणि चौकीच्या वेळा आधी बघा. हा व्याप नको असेल तर विमानानं व्हाइटहॉर्सला उतरून डॉसनला जा. व्हाइट पास हुकतो, पण गाडीनं सरहद्द ओलांडावी लागत नाही.

व्हाइटहॉर्स-डॉसन वाटेवरच्या कारमॅक्सला टाकी भरून घ्याच, पुढं डॉसन साडेतीनशे किमीवर आहे आणि मधल्या छोट्या पंपांवर विसंबू नये. गोठलेली जमीन वितळून रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो, तिथं वेग कमी करा. दुरुस्तीच्या टप्प्यांवर खडी उडून काच तडकते, म्हणून काचेचा विमा घ्यावा.

परातीत रेती घोळून सोनं शोधायचं असेल तर डॉसनजवळ बोनान्झा ओढ्यावरचा क्लेम (सोनं शोधण्याच्या हक्काचा जमिनीचा तुकडा) नंबर ६ सर्वांना मोफत खुला आहे. इतरत्र, दोन्ही वाटांवर, बरेच ओढे कुणाच्या तरी हक्काचे असतात; न विचारता परात बुडवू नका.

पहिलीच सहल आणि सोबत लहान मुलं असतील तर आमचं मत हायवे ४९ ला. आठ-दहा दिवस हाताशी असतील तर क्लोन्डाइक.