ऑर्ग मोड 9.7: पेशीची डायरी, कूलरचं पाणी आणि आठ घरांचा टॅब

नागपूर खंडपीठातल्या वकिलाच्या पेशीच्या तारखा, काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्याचं वेळापत्रक आणि घरच्या कूलरची देखभाल. तिन्ही गोष्टी साध्या मजकुराच्या फायलींत मावतात का, या कसोटीवर ऑर्ग मोड 9.7 लावून बघण्यासारखा आहे. मावतात. मात्र अपग्रेड नीट केलं नाही तर पहिली संध्याकाळ एरर वाचण्यातच जाते, म्हणून सुरुवात तिथूनच.

ऑर्ग मोड हा ईमॅक्स या मजकूर-संपादकाचा नोंदी, कामं आणि तारखा सांभाळणारा भाग. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने 2003 मध्ये तो सुरू केला. फुकट आहे, आणि फाइल कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. 9.7 ही आवृत्ती जून 2024 मध्ये आली. फेब्रुवारी 2025 च्या ईमॅक्स 30.1 सोबत 9.7.11 आपोआप मिळते. ईमॅक्स 29 असेल तर आत 9.6 आहे आणि नवी वेगळी घ्यावी लागते.

पॅकेज-इन्स्टॉल ही आज्ञा नुसती चालवली तर ईमॅक्स 29 म्हणतो, हे आधीच बसलेलं आहे. म्हणून आधी कंट्रोल-यू दाबायचं, मग पॅकेज-इन्स्टॉल, मग ऑर्गचं नाव. हे करताना एकही ऑर्ग फाइल उघडी नको. उघडी असेल तर जुन्या आवृत्तीचे तुकडे मेमरीत राहतात, नवे भाग त्यांच्यावरच बांधले जातात आणि पुढे भलत्याच ठिकाणी भलत्याच तक्रारी येतात. तसं झालंच तर पॅकेज काढून टाका, ईमॅक्स बंद करून नव्याने उघडा आणि काही न उघडता पुन्हा बसवा. शेवटी ऑर्ग-व्हर्जन चालवून आकडा बघा. तो 9.7.5 च्या खाली असेल तर तिथे थांबू नका. दुसऱ्याने पाठवलेली फाइल नुसती उघडल्यावर तिच्यातली आज्ञा चालू शकेल असं भोक 9.7.5 मध्ये बुजवलं. त्याच कारणासाठी 22 जून 2024 ला ईमॅक्स 29.4 तातडीने काढावा लागला होता. पक्षकार ई-मेलवर काहीही पाठवतात, तेव्हा हा मुद्दा कागदोपत्री नाही.

दुसरा अडथळा टॅबचा. 9.7 ला टॅबची रुंदी आठच लागते. सेटिंगमध्ये सगळीकडे चार करून ठेवली असेल (प्रोग्रॅमर मंडळी ठेवतातच) तर यादी असलेली फाइल उघडताच किंवा अजेंडा (सगळ्या तारखांची एकत्र यादी) काढताना तो अडतो आणि रुंदी आठ हवी असं सांगतो. उपाय एका ओळीचा: ऑर्ग मोडच्या हुकमध्ये (ऑर्ग फाइल उघडली की आपोआप चालणाऱ्या सेटिंगमध्ये) टॅब-विड्थ फक्त त्या उघड्या फायलीपुरती 8 करा. बाकीच्या फायलींमध्ये चार राहू द्या.

आता ज्यासाठी अपग्रेड करायचं ते. फोटो थेट चिकटवता येतो. क्लिपबोर्डवरचा स्क्रीनशॉट यँक-मीडिया या आज्ञेने नोंदीत बसतो, आणि फाइल माउसने ओढून टाकली तरी चालतं. आदेशाच्या पानाचा फोटो, पानावरच्या किडीचा फोटो, मीटरचं रीडिंग, सगळं त्या-त्या नोंदीखाली राहतं. मोबाइलचे मोठे फोटो आधी पूर्ण खिडकी व्यापायचे, आता रुंदीला कमाल मर्यादा आधीपासूनच लावलेली आहे. चित्र मध्ये की उजवीकडे हेही ठरवता येतं.

पण चित्र जातं कुठे, हे समजून घ्या. ऑर्ग त्या मथळ्याला एक लांबलचक ओळख-क्रमांक देतो आणि फायलीशेजारी डेटा नावाचं फोल्डर करून, त्यात उपफोल्डरं पाडून, क्लिपबोर्ड या शब्दाने सुरू होणाऱ्या नावाने चित्र ठेवतो. फाइल एकटी पेन ड्राइव्हवर नेली की चित्रं गेलीच. डेटा फोल्डर सोबत न्या, किंवा ऑर्ग-यँक-इमेज-सेव्ह-मेथड या सेटिंगमध्ये आपल्या आवडीच्या फोल्डरचा पत्ता द्या. वकिलांनी दुसरा मार्ग घ्यावा, कारण प्रकरणनिहाय फोल्डरं त्यांच्याकडे तशीही असतात.

9.6 मध्ये मथळे मिटण्याची आतली पद्धत बदलली होती आणि हजारो ओळींची फाइल तेव्हापासून हलकी झाली. त्याच वेळी आपोआप चालू झालेलं कॅशे (वाचलेल्या फायलीची मेमरीतली तात्पुरती नोंद) कधीमधी गडबडतं आणि चेतावणी दाखवतं. ऑर्ग-एलिमेंट-कॅशे-रीसेट चालवा. मजकुराला काही होत नाही.

नव्या गोष्टी एवढ्या पुरे. अर्धवट समजून वापरल्या जातात त्या जुन्याच आहेत, आणि त्यात पहिली गोष्ट तारीख. पेशी ही साधी तारीख म्हणून लिहायची: कंट्रोल-सी आणि मग पूर्णविराम. ती त्या दिवशी अजेंड्यात दिसते, दुसऱ्या दिवशी मागे लागत नाही. तीच शेड्यूल म्हणून टाकली तर झालं म्हणेपर्यंत रोज डोक्यावर बसते आणि दहा-बारा प्रकरणांनंतर अजेंडा वाचणं नकोसं होतं. जबाब दाखल करण्याची मुदत मात्र डेडलाइन. तिची सूचना मुळात 14 दिवस आधीपासून येते. तारखेच्या कंसात उणे 3 आणि d हे इंग्रजी अक्षर (-3d) टाकलं की तीन दिवस आधी. होऊन गेलेली पेशी खोडू नका. टोकदार कंसाचा चौकोनी करा: ती अजेंड्यातून जाते, इतिहासात राहते.

तारखेच्या कंसात लिहायच्या पुनरावृत्तीच्या खुणा तीन. दुकानाच्या भाड्याला नुसता अधिक: दोन महिने चुकले तर दोन्ही महिने एकेक करून निकाली काढावे लागतात, आणि भाड्यात तेच बरोबर. बुधवारच्या बाजाराच्या यादीला दोन अधिक: कितीही आठवडे बुडाले तरी पुढचा बुधवारच येतो. कूलरच्या टाकीचं पाणी बदलायला टिंब-अधिक: ज्या दिवशी बदललं तिथून आठ दिवस. इथे नुसता अधिक लावला की मे महिन्यात सात दिवस गावाला जाऊन आल्यावर पाणी काल बदललेलं असतं आणि यादी आज पुन्हा बदला म्हणते. डासांना आठवडा पुरतो, तेव्हा आठाच्या जागी सहा लिहिलं तरी हरकत नाही. महिन्याच्या पुनरावृत्तीत 31 तारीख टाळा. 31 जानेवारी 2025 ला एक महिना जोडला की 28 फेब्रुवारी नाही, 3 मार्च मिळते, आणि मग तीन तारीखच पुढे चिकटते.

बँका बंद असतात तो दुसरा आणि चौथा शनिवार या खुणांनी लिहिताच येत नाही. त्यासाठी डायरी-फ्लोट हे ईमॅक्सच्या डायरीचं सूत्र वापरा: वार 6 (रविवार 0 धरून), क्रम 2, आणि वेगळ्या ओळीत क्रम 4. अशा ओळी दहा-वीस झाल्या की अजेंडा रेंगाळतो.

बगीच्याचं वेगळं आहे. अंबिया बहाराचा ताण (झाडांचं पाणी बंद ठेवणं) डिसेंबर-जानेवारीत, पण तो कधी तोडायचा हे जमीन हलकी की भारी यावर, म्हणजे दरवर्षी मागे-पुढे. या कामानंतर पंधरा दिवसांनी ते काम, असं नातं ऑर्गला सांगता येत नाही. ही खरी उणीव, 9.7 मध्येही भरलेली नाही. त्यातल्या त्यात चांगली वाट म्हणजे गेल्या वर्षीची पूर्ण नोंद क्लोन करणं. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, मग सी. प्रती 1, सरकवा 375 दिवस. म्हणजे यंदा दहा दिवस उशीर, आणि आतल्या खतापासून फवारणीपर्यंत सगळ्या तारखा एकत्र सरकतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी: मथळे, टॅग आणि कामाच्या अवस्थाही देवनागरीत चालतात. तारखेतला वार मराठी असला तरी चालतो, आकडे मात्र इंग्रजी वळणाचेच (1, 2, 3) हवेत. देवनागरी आकड्यांत लिहिलेली तारीख ऑर्गच्या दृष्टीने तारीख नाहीच. तक्ते अजूनही वाकडे दिसतात, कारण देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि ऑर्ग स्तंभ अक्षरं मोजून जुळवतो. व्हीअलाइन पॅकेज पिक्सेल मोजून रेघा सरळ करतं, मोठ्या तक्त्यावर थोडं जड जातं. टर्मिनलमध्ये देवनागरीचा नाद सोडा, ग्राफिकल खिडकीच घ्या.

अँड्रॉइड फोनवर ऑर्गझ्ली रिव्हाइव्हड हे ॲप पुरेसं आहे. कोर्टाच्या आवारात उभ्याउभ्या पुढची तारीख टाकायला तेवढंच लागतं. सिंकथिंगने फोन आणि संगणकावरच्या फायली जुळवत असाल तर एक खोडी ठाऊक असू द्या. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाला की सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाची दुसरी प्रत तयार होते, तिचंही एक्स्टेंशन तेच असतं, आणि अजेंड्याला पूर्ण फोल्डर दिलं असेल तर प्रत्येक पेशी दोनदा दिसू लागते. जोडीने तारखा दिसल्या की आधी फोल्डर उघडून ती प्रत शोधा, फरक मूळ फायलीत घ्या आणि मगच पुसा.