पोरी म्युझिकलला, आपण कुठे? बीकेसी, दादर की चर्चगेट

सव्वासातला लेक आणि भाची बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या दाराशी उतरल्या. "आई, तू जा आता," एवढं म्हणून दोघी आत गेल्या, मागे वळूनही बघितलं नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आई दाराशी रेंगाळलेली चालत नाही, हे मला कळतं. प्रश्न असा की जायचं कुठे? म्युझिकल, म्हणजे इंग्रजी संगीत नाटक. प्रयोग साडेसातचा, मध्यंतर धरून साधारण अडीच तास. ठाण्याला परत जाऊन पुन्हा यायचं तर सगळा वेळ ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच जाणार.

२०२३ च्या मार्चअखेरीस हे केंद्र उघडलं, मे महिन्यात तिथे ब्रॉडवेचं पहिलं मोठं म्युझिकल आलं, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत ही संध्याकाळ अधूनमधून येते. तिकिटं हजारांत. मुलांची काढतानाच हात थरथरतो, मग आपलंही कुठून काढणार? (परवडत असेल आणि मुलं 'चल' म्हणत असतील तर पुढचं वाचू नका, खुशाल आत जाऊन बसा.) मी आत्तापर्यंत चार वेगवेगळे उद्योग करून बघितलेत, त्यांचा हा हिशेब.

हिशेबाचा आकडा एकच, आणि तो अडीच तास नव्हे. साडेसातला आपण मोकळे होतो आणि पावणेदहाला दाराशी परत हजर असावं लागतं. म्हणजे हातात सव्वादोन तास, १३५ मिनिटं. यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. जे उरेल ती आपली संध्याकाळ.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे गाडीत बसून राहणं. पहिल्या वेळी मी तेच केलं. खर्च शून्य, प्रवास शून्य, १३५ च्या १३५ मिनिटं हातात, आणि त्यांचं करायचं काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. एसी लावावा तर इंजिन चालू ठेवा, काच उघडावी तर डास. वर दर वीस मिनिटांनी कोणीतरी काचेवर टकटक करून "मॅडम, गाडी पुढे घ्या." साडेनऊपर्यंत मानेचा लोळागोळा झाला होता.

त्याच परिसरात थांबणं हा सरळ पर्याय, आणि मुलं पहिल्यांदाच एकटी आत गेली असतील तर मी हाच सुचवेन. फाउंटन ऑफ जॉय म्हणजे संगीतावर नाचणारं कारंजं, दिवेबिवे लावून, बघायला फुकट. पंधरा मिनिटं छान जातात. मग जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलकडे वळायचं. तिथे एका कॉफीच्या पैशांत आमच्याकडे चौघांचा नाश्ता होतो, पण तासभर कोणी उठवत नाही, हे त्या पैशांत आलं असं समजायचं. आत मुलीला चक्कर आली किंवा मैत्रिणीशी बिनसलं तर थोड्याच वेळात आपण दाराशी. बाकी बीकेसी हा भाग रात्री माणसांसाठी नाहीच. ऑफिसं सुटली की रुंद रस्ते, काचेच्या इमारती आणि सुरक्षारक्षक. कोपऱ्यावर वडापावची गाडी दिसेल या आशेवर चालत राहू नका.

पाय मोकळे करायचेच असतील तर कलानगरच्या दिशेला साहित्य सहवास आहे. लेखकांची वसाहत, सचिन तेंडुलकरचं बालपण गेलं ती. आतल्या गल्ल्यांत झाडं आहेत, शांतता आहे. पण तिथे बसायचं कुठे आणि खायचं काय, याला उत्तर नाही. वांद्रे पश्चिमेचा तर विचारही करू नका. संध्याकाळी कलानगरच्या सिग्नलला रिक्षात बसून मीटरकडे बघत राहण्यात कसली आलीय मजा, आणि परतीला रिक्षावाला बीकेसीचं नाव ऐकून मान फिरवतो ते वेगळंच.

आता मेट्रो. तिसऱ्या, भुयारी मार्गिकेने हा सगळा हिशेबच बदलला. मे २०२५ मध्ये गाडी बीकेसीवरून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली, ऑक्टोबरमध्ये थेट कफ परेडला. मी दोन्ही करून बघितलं, दादर आणि चर्चगेट.

चर्चगेटचा मोह मोठा. मरीन ड्राइव्हचा कट्टा, ओव्हलपलीकडे राजाबाई टॉवर, रुस्तमचं दोन वेफरमधलं आइस्क्रीम. पण मिनिटं मोजा. बीकेसी स्टेशनपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं, मग अर्ध्या तासाहून थोडा जास्त प्रवास. एका बाजूला पन्नास, दोन्हींची मिळून शंभर. उरली पस्तीस. त्यातही जिने चढून वर या, रस्ता ओलांडा, आइस्क्रीमच्या रांगेत उभ्या राहा. मी कट्ट्यावर जेमतेम वीस मिनिटं टेकले, आणि त्यातली दहा घड्याळ बघण्यात गेली. शिवाय भुयारात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. मुली आत आणि आपण अर्धा तास संपर्काबाहेर, हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. हां, कार्यक्रम नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या नाट्यगृह-संकुलात असेल तर गोष्ट उलटी. तिथे समुद्र दाराशीच आहे, मेट्रोचं नाव काढायचं कारण नाही.

दादर मात्र तिसरंच स्टेशन. धारावी, शीतलादेवी, दादर, की उतरा. चालण्यासकट पंचवीस मिनिटं, फार तर तीस. म्हणजे पाऊण तास-तासभर जाण्यायेण्यात घालवूनही सव्वा तास आपला. वर आलं की शिवाजी पार्क हाकेच्या अंतरावर. मैदान १९२५ मध्ये खुलं झालं, आणि त्याभोवतीचा कट्टा म्हणजे अख्ख्या शहरात एकट्या बाईने काहीही न विकत घेता, कोणालाही उत्तर न देता बसावं अशी मला ठाऊक असलेली सर्वांत चांगली जागा. त्या दिवशी माझ्या शेजारी दोन आजोबा बसले होते. एक म्हणत होते, क्रिकेटमध्ये आता राम राहिला नाही. दुसरे म्हणाले, "तू हे गावसकर निवृत्त झाला तेव्हाही म्हणालास." मी फुटाण्याचा कोन संपवला, कट्ट्याला एक फेरी मारली, मग शिवसेना भवनासमोर 'आस्वाद'मध्ये थालीपीठ खाल्लं. शनिवार-रविवारी तिथे पाटीवर नाव लिहून थांबावं लागतं, तेवढी वीस मिनिटं हिशेबात धरा.

दादरचं म्हणजे आणखी एक सुचतं, मुलं तिकडे इंग्रजीत गातायत तर आपण इकडे शिवाजी मंदिरला मराठी नाटक बघावं. कल्पना फक्कड, पैशांतही बसते. पण वेळ जुळत नाही. नाटक आठ-साडेआठला सुरू झालं तर तिसरी घंटा होऊन ऐन रंगात येईपर्यंत आपली उठायची वेळ होते. आमच्या आजोबांच्या काळी संगीत नाटक पहाटेपर्यंत चालायचं म्हणे, घरी कोणी वाट बघतंय ही चिंता कोणालाच नव्हती. दुपारच्या प्रयोगाला मुलांना सोडलंत आणि नाटकाची वेळ तासभर आधीची मिळाली, तरच हा विचार करा.

तेव्हा माझं मत असं: मुलं पहिल्यांदा एकटी जातायत तर परिसरातच थांबा आणि कॉफीचे पैसे मोजा. दुसऱ्या वेळेपासून दादर. चर्चगेट फक्त कोणी बरोबर असेल आणि पळापळीची हौस असेल तरच. मुसळधार पाऊस असेल तर सगळं विसरून मॉल. दोन गोष्टी मात्र कुठेही गेलात तरी कराच. कोणत्या दाराशी भेटायचं ते आधी ठरवा, कारण प्रयोग सुटला की दोन हजार माणसं एकदम बाहेर पडतात, आणि आमच्या पोरी एकदा भलत्याच बाजूला अर्धा तास उभ्या होत्या. आणि मध्यंतराची वेळ विचारून ठेवा, त्या वीस मिनिटांत भुयारात असू नका.

दादरला असताना मध्यंतरातच लेकीचा मेसेज आला, "कुठेयस?"

"दादर. थालीपीठ."

"आम्हाला?"

कोथिंबीर वडीचा पुडा घेऊन नऊ वाजून पस्तीसला दाराशी पोचले. दोघी गात बाहेर आल्या, मला कसंबसं "हाय" केलं आणि पुडा हिसकावून घेतला. चुनाभट्टीचा जोडरस्ता चढेपर्यंत वड्या संपल्या होत्या. गाणं ठाण्यापर्यंत संपलं नाही.